वाघ्याची शाल

मानाची हाव माणसाला नसावी, असं पंढरीनाथ रोकडे यांचं ठाम मत होतं. मान मागून मिळत नाही, तो आपल्या पायांनी चालत येतो, असं त्यांनी भिवंडी कट्ट्यावर सविस्तर लिहिलं, आणि त्या लिखाणाला किती मान मिळाले हे पाहायला दिवसभर इतक्या वेळा मोबाईल उघडला की त्यांच्या पत्नीला, कलावतीबाईंना, कोणीतरी दवाखान्यात आहे असं वाटलं.

भिवंडी कट्टा हे कामतघरच्या राकेश शेलारने काढलेलं चर्चेचं ॲप. रेशनकार्डावर नाव चढवण्यापासून नवऱ्याची दारू सोडवण्यापर्यंत काहीही विचारावं, ज्याला सुचेल त्याने उत्तर द्यावं. अट एकच. खरं नाव लिहायचं नाही. भिवंडीत प्रत्येक माणूस दुसऱ्याचा शेठ, भाडेकरू नाहीतर मेहुणा असतो, त्यामुळे नाव लावून कोणी खरं बोलणार नाही, असं राकेशचं म्हणणं होतं. म्हणून सगळ्यांनी टोपणनावं घेतली. उत्तर आवडलं की वाचणाऱ्याने एक मान द्यायचा. मान साठले की माणूस नवख्याचा ओळखीचा होई, ओळखीचा जाणता, जाणता मुरब्बी, आणि सगळ्यांच्या वर एकच कट्टाभूषण. दुसऱ्याचा मान कापताही येई, पण त्यासाठी स्वतःचा एक खर्ची घालावा लागे. शिवी फुकट ठेवली की सगळेच देतात, हेही राकेशचंच म्हणणं.

रोकडे कट्ट्यावर 'सत्यवचन' होते. हे गुपित त्यांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये, ग्रंथालयात, विहाराच्या कमिटीत आणि दोन्ही साडूंना शपथेवर सांगितलं होतं, आणि अख्ख्या भिवंडीने ते इमानाने पाळलं होतं. रस्त्यात कोणी 'काय सत्यवचन' म्हणून हात केला की रोकडे ओठांवर बोट ठेवत, आणि पुढच्या वळणापर्यंत जरा ताठ चालत.

गेल्या दिवाळीत राकेशने जाहीर केलं की मार्चमध्ये कट्ट्याचा वाढदिवस करू आणि त्या दिवशी जो कट्टाभूषण असेल त्याचा शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन सत्कार करू. हे वाचून रोकड्यांच्या छातीत काहीतरी हललं. ते एका कॉलेजात कार्यालय अधीक्षक होते. प्राचार्य आले, गेले, निवृत्त झाले, पाहुणे आले, नगरसेवक आले, आणि प्रत्येक वेळी शाल रोकड्यांनी आणली. शालीची घडी ताटात कोणत्या बाजूने ठेवायची आणि नारळाची शेंडी कोणाकडे करायची, यात त्यांचा शब्द शेवटचा असे. मानपत्रंही तेच लिहीत. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र शाल एकदाच आली होती, तीही दुकानात, रंग बघायला. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. आपल्या सत्काराची शाल आणायला आपणच जाऊ की काय, ही शंका त्यांना अधूनमधून येई.

तेव्हा सत्यवचन पहिला होता, आणि दुसरा कोण हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

मग 'कोमट पाणी' आलं.

कोणीतरी विचारलं होतं की घराला लागून कापडाचे लूम आहेत, रात्रभर खडखडाट चालतो, झोप नाही, काय करावं. सत्यवचनने ध्वनिप्रदूषणाचे नियम दिले, तक्रार कोणाकडे करायची ते दिलं, अर्जाचा नमुना दिला आणि शेवटी 'वस्तुतः' या शब्दाने सुरू होणारा एक परिच्छेद समाजासाठी दिला. त्याच्या खाली कोमट पाणी नावाच्या कोणा नवख्याने लिहिलं, 'शुक्रवारी लूम बंद असतात. त्या रात्री झोप लागते का ते आधी बघा.' विचारणाऱ्याचं तासाभरात उत्तर आलं, 'शुक्रवारी तर अजिबातच लागत नाही. फार शांत वाटतं.' भिवंडीभर लोक हसले, कारण सगळ्यांचीच तीच गत होती, आणि कोमट पाणी एका दिवसात ओळखीचं झालं.

रोकड्यांना तेही चाललं असतं. त्यांना न चालणारी गोष्ट वेगळीच होती. कोमट पाणी कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. आठवडे गेले, मान वाढले, तरी तो माणूस की बाई जे काय होतं ते पुढे येईना, कुठे सुचवीना, ओठांवर बोट ठेवायलासुद्धा सापडेना. इतकं कौतुक अंधारात बसून कोणी कसं पचवू शकतं, हे रोकड्यांना समजत नव्हतं. त्यांना हा शुद्ध माज वाटला.

त्यांनी कोमट पाण्याचे मान कापायला सुरुवात केली. सकाळी चहाबरोबर एक, ऑफिसात टपाल बघून झालं की एक. पंधरवड्याने त्यांच्या ध्यानात आलं की कोमट पाण्याला लोक रोज जेवढे देतात त्यापुढे हे कापणं म्हणजे काहीच नाही, पण सत्यवचन मात्र तेवढ्यानेच खाली आला आहे. हिशोब साधा होता. जळणाऱ्याचं स्वतःचंच सरपण जात होतं.

म्हणून त्यांनी दुसरं खातं उघडलं. हे नियमात बसत नव्हतं, पण नियम ज्यांच्यासाठी असतात त्यांच्यात आपण येत नाही, ही जाणीव त्यांना बरीच वर्षं ऑफिस चालवून आलेली होती. खात्याला त्यांनी 'वाघ्या' नाव दिलं. त्यात विशेष विचार नव्हता. वज्रेश्वरीच्या पुढे त्यांच्या आईचं गाव होतं, तिथल्या पाड्यांवर दर दोन घरांमागे एक वाघ्या नावाचा माणूस असे. वाघ्या राहनाळला गोडाऊनमध्ये हमाली करतो, असं ठरलं. त्याचा उपयोग फक्त कोमट पाणी कापायला होता.

अडचण अशी की नवख्याला कापायचा अधिकार नसे. आधी ओळखीचं व्हावं लागे, म्हणजे वाघ्याने काहीतरी लिहायला हवं होतं. सत्यवचनसारखं लिहिलं असतं तर पकडले गेले असते. तेव्हा रोकड्यांनी वाघ्याला आईच्या गावची बोली दिली. ही बोली दहावीपर्यंत त्यांचीच होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्यांनी वर्गात 'न्हाय' म्हटलं होतं आणि मागचा बाक हसला होता. त्यानंतर तो शब्द त्यांनी तोंडात येऊ दिला नव्हता. आता तो बोटांतून बिनबोभाट आला.

एका पोराने विचारलं होतं की राहनाळला गोडाऊनमध्ये पहिली ड्युटी आहे, काय न्यावं. वाघ्याने लिहिलं, 'दोन डबे ने. एक सुपरवायजर खाईल. दुसराबी तोच खाईल. दुसऱ्या दिवशी सांग डबा न्हाय आनला. तो त्याच्यातला देईल. मग तुजी नोकरी पक्की हाय.' रोकड्यांना हे लिहायला एक मिनिटही लागलं नाही, त्यामुळे त्यांना त्याची किंमतही वाटली नाही. संध्याकाळी बघतात तर वाघ्या ओळखीचा झालेला.

त्या संध्याकाळी त्यांनी वाघ्याच्या हातून कोमट पाण्याचे जेवढे कापता येतील तेवढे कापले आणि समाधानाने जेवले. पण कापायला मान हवेत म्हणून वाघ्या लिहीत राहिला, आणि वाघ्याचे मान कापून संपेनात. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बरे होतात का, असं कोणी विचारलं. सत्यवचनने पाण्यातल्या गंधकाबद्दल लिहिलं. वाघ्याने लिहिलं, 'कुंडात हाव तवर बरा वाटतं. मग पायऱ्या चडाव्या लागतात.' गंधकाला चार मान पडले. पायऱ्यांना किती पडले हे रोकड्यांनी एकदा बघितलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

पुढची गोष्ट घरात घडली. कलावतीबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्या कट्टा वाचत, लिहीत नसत. नवऱ्याची उत्तरं त्या सुरुवातीच्या दोन ओळींपर्यंत वाचत, कारण पुढचं त्यांना रोज ऐकायला मिळे. एका रविवारी चहा घेताना त्या मोबाईलकडे बघून खुदकन हसल्या. एका सासूने विचारलं होतं की सून बोलतच नाही, काय करू. वाघ्याने लिहिलं होतं, 'तुमी थांबता कवा, ती बोलनार कवा.'

"हा माणूस घरी बायकोचं ऐकून घेत असणार," कलावतीबाई म्हणाल्या.

रोकडे म्हणाले की हमालाला बायकोचं ऐकायला वेळ कुठे असतो. त्यावर त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा वाघ्याकडे वळल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण लिहिलेलं वाचून कलावती अशी हसलेली रोकड्यांना आठवेना. आता ती हसली होती, आणि तेही त्यांनीच लिहिलेलं वाचून, आणि त्यात त्यांचा काही वाटा नव्हता. बशीतला चहा त्यांनी तसाच ठेवला.

वाघ्याने सत्यवचनला मागे टाकलं तेव्हा कोमट पाण्याबद्दलचा त्यांचा राग कधी विरघळला हे त्यांनाच कळलं नाही. कोमट पाणी निदान परकं होतं. हा तर त्यांच्या हाताखालचा. त्यांनी सत्यवचनच्या नावाने वाघ्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. 'नाही' या शब्दाला 'न्हाय' लिहिणं ही भाषेची सेवा नव्हे, असं खडसावलं. मग वाघ्याने गप्प बसणं बरं दिसणार नाही म्हणून वाघ्याच्या नावाने उत्तर दिलं, 'चुकलो सर. तुमी मोठे हाव. शिकवा.' हे त्यांनी सत्यवचनचा मोठेपणा दिसावा म्हणून लिहिलं होतं. लोकांनी उलटा अर्थ घेतला. वाघ्याला मानांचा पाऊस आणि सत्यवचनला कापाकापी. कोमट पाण्याने खाली एक ओळ टाकली, 'वाघ्या, मनावर घेऊ नकोस, काही माणसांना घरी कोणी विचारत नाही.'

त्या ओळीलाही कलावतीबाईंनी मान दिला. रोकड्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

सोपा उपाय होता. वाघ्याने लिहिणं बंद करायचं. त्यांनी त्याला चार दिवस गप्प ठेवलाही. कट्ट्यावर विचारणा सुरू झाली, वाघ्या कुठे गेला, बरा आहे ना. कलावतीबाईंनी भाजी निवडताना काळजीने विचारलं की गोडाऊनमध्ये काही अंगावर पडलं तर नसेल ना. पाचव्या दिवशी वाघ्याने लिहिलं, 'हाय. मोबाईल शेटचा हाय. कदी असतो, कदी न्हाय.' लोकांना इतका आनंद झाला की वाघ्या त्याच दिवशी कट्टाभूषण झाला. मग रोकड्यांनी सत्यवचनकडे उरलेसुरले मान होते त्यांतले बरेचसे वाघ्याला कापण्यात घालवले आणि स्वतः तिसऱ्या नंबरावर नीट बसले.

फेब्रुवारीच्या शेवटी राकेश स्वतः कॉलेजच्या ऑफिसात आला. जय भीम घालून बसला, चहा घेतला आणि म्हणाला, सर, कार्यक्रम तुमच्याशिवाय होणार नाही, तुमचा या कामात हात बसलेला आहे, तेव्हा वाघ्याची शाल तुम्ही आणा आणि मानपत्रही तुम्हीच लिहा. रोकड्यांनी टपालाचा गठ्ठा सारखा केला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की एखाद्याची दोन नावं निघाली तर काय करता.

"दोन्ही खाती बंद," राकेश म्हणाला. "आणि त्याने कोणाकोणाचे मान कापले ते सगळं उघडं करणार, सर. तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही."

रोकडे म्हणाले, फारच योग्य.

मानपत्र लिहायला त्यांना आठवडा लागला. इतरांची त्यांनी अर्ध्या तासात हातावेगळी केली होती. 'आपल्या निगर्वी स्वभावाने' इथपर्यंत येऊन ते थांबत आणि निगर्वी खोडत. शाल आणायला ते बाजारात गेले आणि सगळ्यांत पातळ, आरपार दिसणारी शाल घेऊन आले. ती घरी कपाटात ठेवली. दोन दिवसांनी, समजा आपण उभे राहिलोच तर, हा विचार त्यांच्या मनात आला. ते परत गेले आणि बदलून मरून रंगाची, काठाला जर असलेली, जड शाल घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, पाहुणा बदलला का. रोकडे म्हणाले, अजून ठरत नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी त्यांचा धीर सुटला. हॉलमध्ये कोणी मोबाईल हातात घेऊन बघितला तर, या भीतीने त्यांनी वाघ्याचं खातं मोबाईलवरून काढून टाकलं. त्याचा पासवर्ड त्यांनी सुरुवातीलाच असा ठेवला होता की तो कोणालाही ओळखता येऊ नये. त्या कोणालाहीमध्ये ते स्वतःही आले, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

कामतघरचा हॉल भरला होता. छातीला आपापलं टोपणनाव लावून लोक एकमेकांना ओळखत होते. रोकडे पहिल्या रांगेत आणि शेजारी कलावतीबाई, शाळेच्या गॅदरिंगला नेसत ती निळी साडी नेसून. त्या सारख्या मागे वळून बघत होत्या. कोणाला बघते आहेस, असं रोकड्यांनी विचारलं नाही. कोमट पाण्याने निरोप पाठवला होता, तो राकेशने माईकवर वाचला, 'मी येत नाही. माझ्या वाटचं टाळ्यांचं काम वाघ्यासाठी करा.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर टेबलावर ताट होतं, ताटात मरून शाल, घडीचा काठ प्रेक्षकांकडे, जसा असायला हवा तसा.

त्या शालीकडे बघताना रोकड्यांच्या मनात काहीतरी मोडलं. होऊ देत दोन्ही खाती बंद. कळू दे लोकांना कोणाचे कापले ते. कलावतीला तरी कळेल की सासूचं उत्तर कोणी लिहिलं. एकदा, आयुष्यात एकदा, खांद्यावर ते वजन यायला हवं होतं.

राकेशने माईकवर तोंड नेऊन हाक मारली, "वाघ्या."

रोकडे खुर्चीचे हात धरून उठायला लागले. गुडघ्यांनी थोडा वेळ घेतला. तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आवाज आला, "ओ, हाय इथं."

भिंतीपाशी उभा असलेला एक काटक माणूस रांगांमधून पुढे आला. पायात स्लीपर, खांद्याला टॉवेल, अंगात धुऊन धुऊन विटलेला शर्ट. लोक असे उठले की खुर्च्या वाजल्या. राकेशने विचारलं, तुम्हीच वाघ्या ना. तो म्हणाला, हाय ना. राकेशने विचारलं, मोबाईल आणलाय का, खातं दाखवावं लागतं. तो म्हणाला, मोबाईल शेटकडं हाय. यावर हॉलमध्ये एकच आनंद झाला. शेटच्या मोबाईलची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आता खातं बघायला मागणं म्हणजे या माणसाचा अपमान, असा चेहरा करून राकेशने त्याला खुर्चीवर बसवलं.

रोकडे अर्धे उठलेले तसेच होते. राकेशची नजर त्यांच्यावर गेली.

"रोकडे सर सगळ्यांच्या आधी उभे राहिले, बघितलंत? याला म्हणतात मनाचा मोठेपणा. सर, या, शाल तुमच्याच हाताने घाला."

रोकड्यांनी शाल घातली. हात सवयीने चालले, घडी मोडली, काठ बाहेर आला, डाव्या खांद्यावरचा पदर सारखा झाला. नारळाची शेंडी बरोबर बाजूला होती. मग त्यांनी मानपत्र वाचलं. निगर्वी हा शब्द शेवटी राहिलाच होता, तिथे त्यांचा आवाज चिरकला आणि लोकांना वाटलं सरांना गहिवरून आलं. कलावतीबाईंनी पुढे येऊन वाघ्याबरोबर फोटो काढून घेतला आणि सासूचं उत्तर फार आवडलं म्हणून सांगितलं. तो माणूस हसून म्हणाला, बरा झाला.

वडे वाटप सुरू झालं तेव्हा रोकड्यांनी पत्नीला एका बाजूला घेतलं.

"कलावती, वाघ्या मी आहे."

कलावतीबाईंनी हातातली वड्याची प्लेट खाली केली.

"अहो, इतकं जळू नये माणसाने," त्या म्हणाल्या. "त्या गरिबाला आज एक शाल मिळाली, तेवढीही बघवेना तुम्हाला?"

सासूच्या आणि पायऱ्यांच्या ओळी रोकड्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. कलावतीबाई म्हणाल्या, त्या मलाही पाठ आहेत. मोबाईल काढून दाखवायला गेले तर त्यात सत्यवचन तेवढा होता, तिसऱ्या नंबरावर. पासवर्ड आठवेना. कलावतीबाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं, जसं शाळेत खोटं बोलताना पकडलेल्या पोराला थोपटत, आणि घरी गेल्यावर बोलू म्हणून ओळखीच्या बायकांकडे गेल्या.

हॉल रिकामा झाला. रोकडे पहिल्या रांगेत जाऊन एकटेच बसले. थोड्या वेळाने तो माणूस शाल खांद्यावर तशीच ठेवून त्यांच्याकडे आला. रोकड्यांनी एवढा वेळ धरून ठेवलेला प्रश्न विचारला, कट्ट्यावर तुम्ही कधीपासून लिहिता.

"कट्टा? कंचा कट्टा?"

"मग हाक मारल्यावर पुढे का आलात?"

"नाव घेतला ना माजा," तो म्हणाला. "वाघ्या हाय मी. वज्रेश्वरीच्या पल्याड, पाड्यावरचा. बोलवला तर यावा लागतो. ना म्हनावं तर मानसांना वाईट वाटतं."

मग त्याने शाल सारखी केली, वाकला आणि आदबीने म्हणाला, "साहेब, जरा उठता का? टेंपो उभा हाय."

तो मंडप-डेकोरेशनवाल्याकडे कामाला होता. खुर्च्या भाड्याच्या होत्या.